रँक माझी वरची, मेडिसिन मिळालं त्याला: कोर्टात जाऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरची ही सत्तावीस वर्षांची डॉक्टर. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, बंधपत्राचं वर्ष आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि दुसऱ्या प्रयत्नात नीट-पीजीत (एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेत) बऱ्यापैकी रँक. राज्य कोट्याच्या दुसऱ्या फेरीत तिला अॅनेस्थेशियाची (भूल देण्याच्या शाखेची) एमडीची सीट मिळाली आणि ती रुजू झाली. शेवटच्या स्ट्रे फेरीची यादी लागली तेव्हा तिच्याच प्रवर्गातल्या, २१४ रँक मागे असलेल्या ओळखीच्या मुलाला जनरल मेडिसिन मिळाल्याचं दिसलं. त्या कॉलेजचं मेडिसिन तिच्या पसंतीक्रमात तिसरं होतं. "माझी हक्काची सीट त्याला दिली," असं ती लिहिते. त्याच रात्री तिनं सीटांचं वाटप करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला मेल केला, उत्तर आलेलं नाही. प्रवेशाची अंतिम तारीख उलटून दोन आठवडे झालेत. वडील आरोग्य विद्यापीठात जाऊन निवेदन देऊन आले. बाग गहाण टाकू पण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ, असं त्यांचं म्हणणं. जळगावच्या मामांनी औरंगाबाद खंडपीठातले वकील गाठून ठेवलेत. अशाच तक्रारी असलेल्या अकरा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय आणि प्रत्येकी ४० हजार काढायचं ठरतंय. आई म्हणते, मिळालंय ते नीट कर. कोर्टात गेले तर विभागात त्रास होईल का आणि नाही गेले तर जन्मभर खंत राहील का, असं ती विचारते. पत्रात ओघात आलेली दोन वाक्यं अशी: "दुसऱ्या फेरीनंतर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून दिला होता, सगळेच भरत होते" आणि "ओटीत (ऑपरेशन थिएटरात) माझं मन रमतं, पण हे घरी बोलायची सोय नाही."

डॉक्टर,

तुमच्या पत्रात २१४ हा आकडा सहा वेळा आलाय आणि स्टेटस रिटेन्शन एकदाच, तेही जाता जाता. कोर्टात नेमकं उलटं होईल. रँकमधला फरक पहिल्या मिनिटात ऐकून घेतला जाईल आणि उरलेला वेळ त्या फॉर्मवर जाईल.

तो फॉर्म काय असतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पुढच्या वर्षी काउन्सेलिंगला बसणारेही हे वाचणार, म्हणून लिहिते. मिळालेली सीट मला मान्य आहे, पुढच्या फेरीत माझा विचार करू नका, असं त्यात आपण लिहून देतो. तो भरला नाही तर वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत आपलं नाव धरलं जातं. "सगळेच भरत होते" हे मला माणूस म्हणून अगदी पटतं. रुजू व्हायचा दिवस, मूळ कागदपत्रांची फाइल काखेत, खिडकीतला क्लार्क म्हणतो, "मॅडम, इथं पण सही," आणि मागे पंधरा-वीस जण खोळंबलेले. कोण वाचत बसतं? पण सरकारी वकील उठून एवढंच म्हणतील की याचिकाकर्तीनं स्वतःच पुढची फेरी नको म्हणून लिहून दिलंय, आणि खाली बसतील. तिथून पुढे घाम तुमच्या वकिलांना फुटायचा.

यानं तुमची बाजू संपली असं मात्र मी म्हणत नाही. ती तपासायची कशी, ते सांगते. त्याआधी एक साधा प्रश्न: ती सीट तुमची कधी झाली होती?

वरची रँक तुम्हाला एकाच फेरीत इतरांच्या आधी निवडायचा हक्क देते. पुढच्या फेरीत जी सीट रिकामी होते तिच्यावर तो हक्क आपोआप चालत जात नाही. दुसऱ्या फेरीत मेडिसिन घेतलेल्या कोणाला तरी अखिल भारतीय कोट्यात दुसऱ्या राज्यात अधिक चांगली सीट मिळते आणि तो निघून जातो. कोणी डीएनबी या एमडीसारख्याच पदवीकडे वळतो. कोणाचे कागद शेवटच्या दिवशी अपुरे पडतात. अशा सीटा घरंगळत शेवटच्या फेरीत येतात, आणि त्या फेरीत साधारणपणे ज्यांच्या हातात कुठलीच सीट नाही अशांनाच घेतात. मग तीन फेऱ्या रिकाम्या हातानं बसलेल्याला शेवटी घबाड लागतं. दिसायला हे वाईट दिसतं, दरवर्षी दिसतं, आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यावरून हायकोर्टाची पायरी चढतो. पण नियम पाळून असं घडलं असेल तर कोर्ट सहसा हात घालत नाही. नियम मोडून, किंवा काही सीटा लपवून ठेवून घडलं असेल, तर घालतं.

लपवून ठेवण्याचं एक प्रकरण तुमच्या फार जवळचं आहे. नीट-पीजी २०२१ च्या अखिल भारतीय कोट्यात मॉप-अप फेरीच्या, म्हणजे उरलेल्या सीटा भरायच्या फेरीच्या वेळी १४६ नव्या सीटा आल्या. पहिल्या दोन फेऱ्यांतल्या उमेदवारांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या. म्हणजे वरच्या रँकवाले आधीच्या सीटांवर अडकलेले आणि नव्या, चांगल्या सीटा खालच्या रँकला. सुप्रीम कोर्टानं ३१ मार्च २०२२ ला ती मॉप-अप फेरीच रद्द केली आणि त्या १४६ सीटांसाठी खास फेरी घ्यायला लावली, आधी रुजू झालेल्यांनाही तिच्यात बसू दिलं. तिथं मुद्दा असा होता की जी सीट समोर मांडलीच नव्हती तिच्यावर पाणी सोडलं, असं कोणाबद्दल म्हणायचं कसं?

आता तुमचं काम कळलं असेल. ते मेडिसिन कोणाच्या जाण्यानं रिकामं झालं, की मागाहून नव्यानं आलं?

हे शोधायला वकील लागत नाही, एक निवांत संध्याकाळ लागते. प्रत्येक फेरीच्या आधी सीट मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणत्या कॉलेजात कोणत्या प्रवर्गाला किती सीटा याच्या तक्त्याचा, पीडीएफ निघतो. पहिल्या फेरीचा, दुसऱ्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा, असे तीन उघडा. ते कॉलेज शोधा, जनरल मेडिसिनची ओळ शोधा आणि तुमच्या प्रवर्गाच्या रकान्यातला आकडा तिन्ही ठिकाणचा एका कागदावर उतरवून घ्या. मग पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या अलॉटमेंट यादीत त्या कॉलेजचं मेडिसिन कोणाकोणाला मिळालं ते मोजा. आकडे जुळले, म्हणजे सुरुवातीला दाखवलेल्या सीटा तेवढ्याच आणि त्यातलाच एक जण नंतर निघून गेलेला, तर ती सीट घरंगळत आलेली आहे. शेवटच्या मॅट्रिक्समध्ये सुरुवातीपेक्षा सीट जास्त निघाली, तर ती कुठून आली हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावर येते. नॅशनल मेडिकल कमिशननं मधल्या काळात त्या कॉलेजला सीटवाढ दिली का, दिली तर कोणत्या तारखेला, आणि ती तारीख तुम्ही फॉर्म भरलात त्याच्या आधीची की नंतरची, एवढं मिळालं की तुमच्या सहीचं वजन बदलतं. तिसरी शक्यता दुसऱ्या प्रवर्गातली न भरलेली सीट तुमच्या प्रवर्गात आल्याची. ती कोणत्या क्रमानं बदलायची ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते ताडून पाहा.

हे पीडीएफ आजच उतरवून ठेवा. संकेतस्थळावरच्या जुन्या फायली पुढच्या हंगामात त्याच जागी मिळतील याची खात्री धरू नका. जोडीला माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याला तीस दिवसांची मुदत असते, त्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

समजा, नव्यानं आलेली सीट सापडली. मग कोर्ट काय देऊ शकतं? इथं मामांच्या आणि ग्रुपच्या मनात जे चित्र आहे ते थोडं खाली आणायला हवं. याचिका दाखल झाली, महिनाभरात निकाल, आणि तुम्ही त्या कॉलेजात मेडिसिनला रुजू, असं क्वचित घडतं. सुप्रीम कोर्टानं १३ डिसेंबर २०१९ ला एमबीबीएसच्या एका प्रकरणात ठरवून दिलं की उमेदवाराचा दोष नसेल, तो वेळ न दवडता कोर्टात आला असेल आणि नियम मोडून त्याला डावललं असेल, तर अपवाद म्हणून अंतिम तारखेनंतर महिनाभरात जागा देता येईल, नाहीतर पुढच्या वर्षी, शिवाय भरपाईही. त्या निकालात, हे फक्त एमबीबीएसपुरतं, पीजीचा विचार आम्ही केलेला नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, पीजीचं प्रकरण आलं. तेलंगणातल्या एका खासगी कॉलेजनं अलॉटमेंट घेऊन आलेल्या मुलीला सर्जरीची सीट नाकारली आणि खालच्या रँकला दिली. सुप्रीम कोर्टानं तिला पुढच्या वर्षीच्या व्यवस्थापन कोट्यातून सर्जरीची एक सीट आणि कॉलेजकडून १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ती मुलगी ताबडतोब कोर्टात गेली होती आणि अलॉटमेंटचं पत्र तिच्या हातात होतं, हे विसरू नका. तरीही तिचं एक वर्ष गेलंच.

उलट बाजूही ऐका. त्याच २०२१ च्या परीक्षेच्या १,४५६ सीटा सगळ्या फेऱ्या होऊन रिकाम्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच नॉन-क्लिनिकल, म्हणजे रुग्ण न तपासणाऱ्या शाखांच्या. आणखी एक फेरी घ्या म्हणून डॉक्टर गेले, तर १० जून २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ती मागणी फेटाळली. प्रवेशाची प्रक्रिया कुठं तरी थांबलीच पाहिजे, वर्ष अर्धं सरल्यावर मुलं घुसवून शिक्षणाशी तडजोड नको, असा त्याचा सूर. रिकामी सीट दिसते म्हणून कोर्ट ती भरून देईल, हा ग्रुपमधल्या तिघा-चौघांचा समज या निकालानंतर टिकत नाही.

आणखी एक. एकदा खुर्चीवर बसलेल्याला उठवायला कोर्टं फार नाखूश असतात. आपल्याच राज्यातलं २०१९ चं मराठा आरक्षणाचं प्रकरण आठवा. मराठा आरक्षणाच्या कायद्याआधीच प्रवेशप्रक्रिया सुरू झाली होती म्हणून त्या वर्षीच्या पीजी प्रवेशांना तो लागू होत नाही, असं नागपूर खंडपीठानं २ मे २०१९ ला ठरवलं, सुप्रीम कोर्टानं आठवड्याभरात तेच कायम केलं, सरकारनं वटहुकूम काढला, मधल्या काळात दोन्ही बाजूंची मुलं हवालदिल. पण पुढे ९ सप्टेंबर २०२० ला त्या कायद्याला स्थगिती देताना झालेल्या पीजी प्रवेशांना हात लावू नका, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आणि ५ मे २०२१ ला कायदा रद्द केला तेव्हाही ते प्रवेश राखले. एवढा मोठा निकाल, तरी वॉर्डात काम करणारा रेसिडेंट वॉर्डातच राहिला. तुमच्या प्रकरणात आज वॉर्डात काम करणारा तो मुलगा आहे.

त्याच्याबद्दलही बोलू. त्याला प्रतिवादी करावंच लागेल. ज्याची सीट जाणार त्याला न ऐकता कोर्ट आदेश देत नाही. तुम्ही लिहिलंय की त्याचा डीपी पाहिला तरी डोकं फिरतं. त्यानं तुमचं काही चोरलेलं नाही हो. त्याला जी फेरी मिळाली ती त्यानं खेळली. २१४ रँकचा फरक तुम्हाला आज डोंगराएवढा वाटतो, पण दोन लाखांहून जास्त डॉक्टर ज्या परीक्षेला बसतात, दोनशे प्रश्न, आठशे गुण, तिथं त्या रँकपट्ट्यात तो एखाद-दुसऱ्या प्रश्नाचाही असू शकतो. (आणि २०२३ साली पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणून ठेवलेल्या व्यवस्थेनं गुणवत्तेवर कोणाला व्याख्यान द्यावं, हा वेगळाच विषय.) राग व्यवस्थेवर असेल तर तिच्यावरच ठेवा. याचिकेच्या भाषेतही तो फरक दिसतो आणि न्यायाधीशांना तो कळतो.

आता नाशिकच्या दोन गोष्टी. वडील म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात निवेदन देऊन आले, तिथं पोच मिळाली म्हणून त्यांना धीर आला. विद्यापीठ आपल्याच गावात आहे म्हणून दिंडोरी रोडवर असे बरेच आईबाप फाइल घेऊन जातात. पण अलॉटमेंट विद्यापीठ करत नाही, राज्याचा सीईटी सेल करतो आणि तो मुंबईत आहे. विद्यापीठाकडे पात्रता, परीक्षा, पदवी. निवेदन सेलच्या आयुक्तांच्या नावे जायला हवं, प्रत वैद्यकीय शिक्षण संचालनालयाला, आणि तुम्ही त्या रात्री केलेल्या मेलचा उल्लेख तारखेसह त्यात हवा. तो मेल तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, कारण तुम्ही गप्प बसला नव्हता हे त्यावरून दिसतं.

दुसरी गोष्ट मामांची. जळगाव, धुळे, नंदुरबार, नगर औरंगाबाद खंडपीठात येतात. नाशिक जिल्हा येत नाही, तो मुंबईच्या मुख्य पीठाकडे आहे. ते कॉलेज मराठवाड्यात असतं तर काही वाद घालता आला असता, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं नाही. मामांच्या वकिलांना दोष नाही, त्यांना कदाचित जिल्हा सांगितलाच नसेल. पण चुकीच्या ठिकाणी याचिका टाकून ती मागे घेण्यात जे पंधरा दिवस जातील ते तुमच्याकडे नाहीत.

वकिलांच्या खर्चाचं म्हणाल तर बाग गहाण टाकायचा विषय आधी बंद करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हायकोर्टासाठीची वेगळी समिती मुंबईत आहे. तुम्ही ती मदत घ्याच असं नाही, प्रवेशाच्या याचिका नेहमी चालवणारा वकील अशा वेळी जास्त उपयोगी पडतो. पण निदान पहिला सल्ला फुकट मिळवून, बाकीच्यांचे आकडे ऐकायला मोकळे व्हा. कोणीही "निकाल आपलाच" असं म्हणाला की त्याची पिशवी तपासा.

ग्रुपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एकत्र याचिका नको. अकरा जणांच्या अकरा कहाण्या आहेत. तुम्हीच लिहिलंय की एकाला कागदपत्रांवरून अपात्र केलंय, दोघांनी तर शेवटच्या फेरीला नोंदणीच केली नव्हती. अशांची दुबळी बाजू तुमच्या बाजूलाही खाली ओढते. आणि त्या अकरांतल्या तिघांना तेच मेडिसिन हवंय! निकाल लागला तर एक सीट तिघांत कशी वाटणार, हे ग्रुपवर कोणी विचारलंय का? माहिती एकमेकांना द्या, मॅट्रिक्सचे पीडीएफ एकमेकांना पाठवा, पण वकीलपत्रावर सही आपापली.

विभागात त्रास होईल का? शक्यता कमी आहे. दावा सीईटी सेल आणि सरकारविरुद्ध असतो, तुमचं कॉलेज असलंच तर नावापुरतं. विभागप्रमुखांना तुम्हीच आधी दोन वाक्यांत सांगा, बाहेरून कळू देऊ नका. तारखेसाठी खोटं आजारपण दाखवून रजा घेऊ नका.

प्रतिज्ञापत्रात स्टेटस रिटेन्शनचा उल्लेख तुम्हीच करा, पहिल्या पानांतच. ग्रुपमधल्या कोणी "ते लिहू नका, त्यांना सापडणार नाही" असं सुचवलंय, असं तुम्ही लिहिता. सापडेल. त्यांच्याच संगणकात आहे ते. आणि लपवलं म्हणून याचिका फेटाळली गेली तर उरलेली खरी बाजूही कोणी ऐकणार नाही.

काहीही झालं तरी अॅनेस्थेशियाची सीट रागाच्या भरात सोडू नका. सीट सोडण्याचा दंड, पुढच्या परीक्षेवरची बंधनं, सगळं माहितीपुस्तिकेत आहे. राजीनाम्याचा विचार आला तर आधी ती पानं वाचा. याचिका चालू असताना काम करत राहणं हे हक्क सोडल्याचं लक्षण मानू नये, एवढं एक वाक्य वकील याचिकेत घालतील.

इथवर कायद्याचं झालं. आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलं गेलंय. ओटीत मन रमतं, आणि ते घरी बोलायची सोय नाही.

वडिलांना "भूल देणारी डॉक्टर" हे शब्द सांगताना कमीपणा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. गावात दवाखान्यावर पाटी लागणार नाही, हे त्यांचं दुःख. मला त्यांचं नवल वाटत नाही; आपल्याकडे डॉक्टर म्हणजे नाडी बघून औषध लिहिणारा, ही समजूत पक्की आहे. पण ऑपरेशन टेबलावर माणूस जिवंत ठेवायचं काम कोण करतं, कोविडच्या दोन लाटांत व्हेंटिलेटर कोणाच्या हातात होते, हे त्यांना कोणी सांगितलंय का? पुढे क्रिटिकल केअरचं (अतिदक्षतेचं) डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, करायची तर मेडिसिनवाल्याला आणि अॅनेस्थेशियावाल्याला एकच दार आहे, दोघंही नीट-एसएस ही त्यासाठीची परीक्षा देऊन तिथंच जातात. तुमच्या पत्रात मेडिसिनविषयी, म्हणजे त्या कामाविषयी, एकही ओळ नाही. ओटीविषयी मात्र अर्धं पान आहे: पहिल्यांदा स्पायनल (पाठीच्या कण्यातून द्यायची भूल) नीट बसलं त्या दिवसाचं, सिनिअरनं मॉनिटरचा आवाज ऐकून न बघता सॅच्युरेशन ओळखायला शिकवलं त्याचं. ज्या सीटसाठी लढायचं तिच्याबद्दल इतकं कमी आणि जी सोडायची तिच्याबद्दल इतकं भरभरून, हे तुम्हाला स्वतःला जाणवलं का?

तुम्हाला मेडिसिन हवंय, की खालच्या रँकला ते मिळालं हे सहन होत नाहीये? दुसरं असेल तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यावर इलाज म्हणून तीन वर्षांचा अभ्यासक्रम बदलायचा का, हे ठरवायला हवं. सेलला खणखणीत निवेदन, नव्या सीटा शेवटच्या फेरीत का दाखवता याचा जाब, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी रिटेन्शनच्या फॉर्मवर ठळक सूचना छापायची मागणी: हे सगळं सीट न मागताही करता येतं.

जे वेगळ्या कारणानं अडकलेत त्यांच्यासाठीही दोन शब्द. अलॉटमेंट हातात असून खासगी कॉलेजनं दारातून परत पाठवलं असेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. २०१५ च्या कायद्यानं नेमलेलं प्रवेश नियामक प्राधिकरण त्यासाठीच आहे, आणि ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त फी मागितली तर शुल्क नियामक प्राधिकरण. तुमचं प्रकरण इथं या डॉक्टरांपेक्षा कितीतरी मजबूत आहे, म्हणून तुम्ही तर एक दिवसही थांबू नका. जातवैधतेचा कागद अडलेला असेल तर समितीकडच्या अर्जाची पोच आणि पाठपुराव्याची पत्रं जपा, उशीर तुमचा नव्हता हे त्यावरच ठरतं. बाहेरच्या राज्यातून एमबीबीएस करून आलेल्यांनी २९ जानेवारी २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायला हवा: पीजीला रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य, त्याच संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना प्राधान्य मात्र चालेल. प्रकरण चंदीगडचं होतं, पण तत्त्व सगळीकडचं.

तर डॉक्टर, येत्या सुट्टीच्या दिवशी झोप काढून झाली की ते तीन पीडीएफ उघडा. मेडिसिनची जादा सीट सापडली तर दुसऱ्याच दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जा आणि वडिलांना बरोबर न्या. वकील काय म्हणतात ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं. द्राक्षाची गोडी छाटणी लांबली की पुढे कितीही खतं घातली तरी हंगाम सापडत नाही, हे त्यांना मी सांगायला नको, त्यामुळे घाई कशाची हे त्यांना लगेच कळेल. सीट सापडली नाही, आकडे चोख जुळले, तर माझ्या मते याचिका करू नका. तेव्हा ग्रुपवर ४० हजार न देता तुमचे तीन पीडीएफ आणि तो हिशेबाचा कागद टाका, निदान चार जणांचे पैसे वाचतील. आणि वडिलांना एकदा कॉलेजवर बोलवा. ओटीत नेता येणार नाही त्यांना, पण दिवसभराच्या ऑपरेशनांची लिस्ट संपवून तुम्ही बाहेर येता तेव्हा कॅन्टीनमध्ये चहा पाजता येईल, आणि त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंत ते क्रमानं सांगता येईल.